आमेनच्या आधी

23 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सर्वधर्म प्रार्थनासभा झाली. जुळे मनोरे कोसळून दोन आठवडेही झाले नव्हते. समोर मृतांची कुटुंबं बसली होती आणि मंचावर कार्डिनल, रब्बी, इमाम, शीख आणि हिंदू पुरोहित होते. त्यांच्यातच डेव्हिड बेंकी नावाचे लुथरन पाळक होते. आपली पाळी आल्यावर त्यांनी छोटीशी प्रार्थना केली, येशूच्या नावाने ती संपवली आणि खाली उतरले.

या प्रार्थनेपायी त्यांची चौकशी झाली. ते मिसूरी सिनड या अमेरिकेतल्या कर्मठ लुथरन मंडळीचे होते. इतर पंथांशी आणि इतर धर्मांशी उपासनेची सरमिसळ करायची नाही, असं त्या सिनडच्या घटनेतच लिहिलेलं आहे. बेंकींच्याच सहकारी पाळकांनी तक्रारी केल्या. बेंकींनी सिनडचे अध्यक्ष केशनिक यांचा आधी सल्ला घेतलेला असल्यामुळे प्रकरण उपाध्यक्ष वॉलेस शुल्झ यांच्याकडे गेलं. त्यांनी माफी मागायला सांगितली, बेंकींनी नकार दिला आणि जून 2002 मध्ये ते निलंबित झाले. पुढच्या वर्षी अपिलात निकाल फिरला आणि ते पुन्हा कामावर रुजू झाले.

हे सगळं वाचलं तेव्हा माझी बाजू आधीच ठरलेली होती. आम्ही उत्तर भारतीय मंडळीची, म्हणजे सीएनआयची माणसं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन ही मंडळी झाली. नगरकडच्या आमच्या मंडळ्या मूळच्या अमेरिकन मराठी मिशनच्या. एकीत जाणं हा आमच्याकडे अभिमानाचा विषय. लुथरन लोक दक्षिणेत 1947 ला बाहेर राहिले, उत्तरेत 1970 लाही बाहेरच राहिले. त्यांचा विषय निघाला की वडीलधारे हात उडवून म्हणत, "त्यांचं सोवळं फार." बेंकींची गोष्ट वाचून मीही मनातल्या मनात तेच म्हटलं. तीन हजारांच्या घरात माणसं मेलेली, आणि हे कुणाशेजारी उभं राहून प्रार्थना केली याचा पंचनामा करत बसलेत!

एक तपशील मात्र नंतर डोक्यातून जाईना. बेंकींनी येशूचं नाव घेतलं होतं. सरमिसळीचा आरोप ज्याच्यावर झाला त्याने हजारो लोकांसमोर, इमाम आणि रब्बी शेजारी असताना, आपल्या प्रभूचं नाव उच्चारलं होतं.

मी उच्चारत नाही.

सर्वधर्म प्रार्थनेला ख्रिस्ती माणूस हवा असला की आमच्या भागात बहुधा मलाच फोन येतो. 2 ऑक्टोबर, 30 जानेवारी, शाळेचं स्नेहसंमेलन, कुठल्या तरी पुलाचं उद्घाटन. मी पांढरी साडी नेसून जाते. "हे दयाळू परमेश्वरा, तू आम्हां सर्वांचा पिता आहेस," अशी सुरुवात करते. शांती, बंधुभाव, पाऊसपाणी, गावाचं भलं मागते. मग आवाज जरा खाली आणून "आमेन" म्हणते. घरी ताटावर बसल्यावरही "प्रभू येशूच्या नावाने मागतो" म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी आमेन म्हणत नाही. ते शब्द हॉलमध्ये मी गाळते. गाळा असं आजवर एकाही आयोजकाने सांगितलेलं नाही. मौलवीसाहेब त्यांचं पठण पूर्ण करतात. गुरुजींचे मंत्र कुणी कापत नाही. बौद्ध बांधव त्रिशरण म्हणतात ते बुद्धाचं नाव घेऊनच. कात्री फक्त माझ्या हातात असते, आणि चालते ती माझ्याच प्रार्थनेवर. वर कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी येऊन सांगतं, "बाई, तुमची प्रार्थना सगळ्यांत सर्वसमावेशक." तेही मला गोड लागतं.

याला मी सौजन्य म्हणत आले. दुसऱ्याच्या अंगणात गेल्यावर आपला आवाज जरा खाली ठेवावा, असं. पण ते अंगण दुसऱ्याचं नसतंच, सगळ्यांचं असतं. म्हणून तर सर्वांना बोलावतात. मग सौजन्य नेमकं कुणाशी?

मिसूरीवाल्यांना सोवळ्यात काढून मी मोकळी झाले होते, म्हणून त्यांचा इतिहास जरा नीट पाहिला. मार्बुर्गची गोष्ट आमच्याकडे पाळकसुद्धा टीकेच्या सुरातच सांगतात. 1529 साली जर्मनीतल्या या गावात ल्युथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की ती त्याची आठवण, हा वाद होता. ल्युथरने टेबलावर खडूने ख्रिस्ताचे शब्द लिहिले, 'हे माझे शरीर आहे', आणि जागचा हलला नाही. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, पंधराव्यावर अडलं, आणि त्याने बंधू म्हणून हात द्यायचं नाकारलं. हट्टीपणा होताच. पण प्रशियात 1817 नंतर जे घडलं ते मला ठाऊक नव्हतं. राजा फ्रीडरिक विल्हेल्म तिसरा रिफॉर्म्ड, म्हणजे झ्विंग्लीच्या वाटेच्या, पंथाचा, त्याची राणी लुईझ लुथरन. नवराबायकोला एका मेजावर प्रभुभोजन घेता येत नव्हतं. राणी वारल्यावर काही वर्षांनी राजाने दोन्ही मंडळ्या एक करायला घेतल्या, आणि पुढे उपासनेचं पुस्तकही स्वतःच ठरवून दिलं. हेतू प्रेमाचा असेल, पण ज्या पाळकांनी मानलं नाही ते तुरुंगात गेले. सायलेशियातल्या ह्योनिगर्न गावात 1834 च्या नाताळात चर्चचा ताबा घ्यायला सैनिक आले. लोक घरदार विकून ऑस्ट्रेलियाला आणि अमेरिकेला गेले. मिसूरीत जाऊन वसलेले लोक सॅक्सनीचे, दुसऱ्या राज्यातले, पण अशा एकीची धास्ती त्यांनाही होतीच. एकी हा शब्द ज्यांनी शिपायाच्या बुटासह ऐकला, त्यांना तो आमच्या नागपूरच्या मांडवासारखा कसा ऐकू येणार?

हेर्मान झासे हा जर्मन लुथरन धर्मपंडित तर मला अजून उलगडलेला नाही. नाझी पक्षाच्या धर्मविषयक कलमावर त्याने 1932 मध्येच, हिटलर सत्तेवर येण्याआधी, जाहीर टीका केली होती. नाझीविरोधी पाळक बोनहोफर यांच्याबरोबर त्याने बेथेलच्या विश्वासमताच्या मसुद्यावर काम केलं. आणि मे 1934 मध्ये बार्मेनला नाझीधार्जिण्या चर्चविरुद्धचं प्रसिद्ध निवेदन संमत होत होतं, तेव्हा हा गृहस्थ मतदानाआधी निघून गेला. तक्रार हिटलरविरोधाबद्दल नव्हती. लुथरन आणि रिफॉर्म्ड यांनी एका सभेत एक विश्वासमत म्हणावं, हे त्याला पटलं नाही. मला तिथे त्याला हाताला धरून परत आत बसवावंसं वाटतं. घर पेटलेलं असताना कसली सीमारेषा? पण त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याने जे सोडलं ते सगळ्यांदेखत सोडलं आणि त्याचा बोल आयुष्यभर सोसला. मी जे सोडते ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळे लुथरन असे नाहीत, हेही खरं. 1530 च्या आउग्सबुर्ग विश्वासमताचं सातवं कलम सांगतं की मंडळीच्या एकीसाठी शुभवर्तमान आणि संस्कार यांबद्दल एकमत पुरेसं आहे. एवढ्यावर भागतं ना, मग हात पुढे करा, असा त्याचा अर्थ एकांनी लावला. अमेरिकेतल्या दुसऱ्या, मोठ्या लुथरन मंडळीने एपिस्कोपल आणि मेथडिस्टांसकट अनेकांशी पूर्ण सहभागिता जोडली. 1999 मध्ये लुथरन वर्ल्ड फेडरेशनने रोमशी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्र केलं, आणि 2016 मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये पोप फ्रान्सिस आणि पॅलेस्टिनी लुथरन बिशप मुनिब युनान यांनी एकत्र प्रार्थना चालवली. प्रभुभोजन तेव्हाही एकत्र झालं नाही. मिसूरीवाले तेच कलम उलटीकडून वाचतात. एवढं एकमत तरी हवंच, ते होईपर्यंत हात आखडताच. मन माझं पहिल्यांकडे धावतं आणि तिथेच राहील.

कारण कर्मठपणा माणसांवर कसा आदळतो तेही दिसतंच. अमेरिकेतल्या न्यूटाउनच्या शाळेत डिसेंबर 2012 मध्ये वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गोळ्यांना बळी पडली. तिथल्या मिसूरी सिनडच्या पाळकाने सर्वधर्म शोकसभेत शेवटचा आशीर्वाद दिला. मेलेल्यांत त्याच्या मंडळीतलं लेकरू होतं. त्यालाही माफी मागायला लावली. ओरड झाल्यावर ज्या अध्यक्षांनी ती मागायला लावली त्यांनीच हे प्रकरण आपण नीट हाताळलं नाही म्हणून क्षमा मागितली.

आमच्या बहिणीचा जावई नागरकोइलकडचा, लुथरन, पुण्यात वाढलेला. नाताळात आमच्या चर्चला येतो, गीतं खड्या आवाजात म्हणतो, आणि प्रभुभोजनाला सगळे उठले की बाकावर बसून राहतो. बाया वळून बघतात. मला पहिल्यांदा अपमानच वाटला. एकदा विचारलं तर म्हणाला, "मावशी, तुमच्या पाळकांच्या हातून भाकर घेतली म्हणजे त्यांच्या शिकवणुकीला हो म्हटलं, असं आमच्याकडे मानतात. मला तसं म्हणता येत नाही, आणि खोटं म्हणायचं नाही." त्याचं मानणं मला पटत नाही. आमच्या मेजावर बोलावणारा प्रभू आहे, पाळक नाही, असं मी त्याला सांगितलं, आणि अजून सांगते. पण भर चर्चमध्ये एकटा बसून राहायला काय लागतं, ते मी बघितलं.

माझ्या गाळण्यामागे सौजन्य किती आणि भीती किती? खरं सांगायचं तर भीती जास्त. हॉलमध्ये येशूचं नाव घेतलं की मागच्या रांगेतला कुणीतरी "आली धर्मांतरवाली" म्हणेल, ही ती भीती. हल्लीच्या दिवसांत ती अगदीच खोटी नाही, पण मी नाव गाळायला लागले ते दिवस असे होण्याच्या फार आधीपासून. बेंकींना त्रास झाला तो स्वतःच्याच लोकांकडून, जिथे ख्रिस्ती बहुसंख्य आहेत अशा देशात. त्यांच्या धैर्याचं माप मला तसंच्या तसं लागू होत नाही, असं म्हणायची सोय आहे. मी ती पुष्कळ वापरली.

मग आता नाव घ्यायचं का? घेतलं तर ते प्रार्थना म्हणून येईल, की मी भ्यायले नाही हे स्वतःला पटवायला? दाखवण्यासाठी घेतलेलं नाव भिऊन गाळलेल्या नावापेक्षा देवाला जास्त आवडेल, असं मला वाटत नाही. 30 जानेवारीच्या कार्यक्रमाचा फोन येऊन गेला. दोन मिनिटं दिली आहेत. होकार कळवला आहे, प्रार्थनेचा शेवट कसा करायचा ते ठरलेलं नाही.