स्मरणरंजनाचे नैतिक व्याकरण : ब्रिटिश बालपणकथांतील गाव आणि शहर

१

'नॉस्टॅल्जिया' ह्या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला, तेव्हा त्यात मूळ संज्ञेत नसलेला एक अर्थ नकळत शिरला. १६८८ मध्ये योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात 'परत येणे' आणि 'वेदना' ह्या दोन ग्रीक शब्दांचा सांधा जुळवून ती संज्ञा घडवली. तीत फक्त दुखणे होते. 'रंज्' ह्या संस्कृत धातूत मात्र रंगणे आणि प्रसन्न होणे हे दोन्ही अर्थ आहेत. स्मरणरंजनात मन रमते ते आठवणीला रंग चढल्यामुळे, असे हा शब्दच सुचवतो. आठवण रंगलेली असेल तर ती खोटी ठरते काय, आणि खोटी नसली तरी ती अन्याय्य असू शकते काय, हे दोन भिन्न प्रश्न त्यातून उद्भवतात. विसाव्या शतकातील ब्रिटिश बालपणकथांविषयीच्या चर्चेत त्यांची अनेकदा सरमिसळ झालेली दिसते. ते वेगळे केल्याशिवाय ह्या लेखनाचे नैतिक मूल्यमापन शक्य नाही.

होफरच्या लेखी हा विकार स्थळाचा होता. मायभूमीपासून दूर गेलेल्या माणसाला तो जडे आणि घरी परतणे हाच त्यावरचा उपाय होता. पुढे ही संज्ञा स्थळाकडून काळाकडे सरकली आणि तिच्यातून उपायच नाहीसा झाला. गावी परत जाता येते, बालपणात नाही. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील निम्म्याहून थोडी अधिक लोकसंख्या शहरी असल्याचे आढळले. म्हणजे विसाव्या शतकात खेड्यातील बालपणाच्या आठवणी जेव्हा विपुल प्रमाणात लिहिल्या गेल्या, तेव्हा खेडे हा ब्रिटनमधील बहुसंख्यांचा अनुभव राहिलेला नव्हता. तरीही 'खरे' इंग्लंड तेच, ही भावना टिकून राहिली. आठवण आणि आदर्श ह्यांच्यातील हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

२

पहिला आक्षेप सत्याच्या बाजूने येतो. त्याची सर्वांत प्रभावी मांडणी रेमंड विल्यम्सने 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) मध्ये केली. जुने, एकजीव ग्रामजीवन नुकतेच लोपले असे एक लेखक सांगतो. त्याचा माग काढत मागच्या पिढीकडे जावे तर तेथील लेखकही तेच सांगत असतो. जॉर्ज स्टर्ट, टॉमस हार्डी, जॉन क्लेअर, गोल्डस्मिथ, टॉमस मोर असा हा सरकता जिना मागे मागे जात अखेर ईडनच्या बागेत पोहोचतो. प्रत्येक पिढीचे सुवर्णयुग तिच्या बालपणाच्या आसपासच कसे सापडते, हा विल्यम्सचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे.

तथापि ह्या युक्तिवादातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे तपासावे लागते. एखादी तक्रार प्रत्येक पिढीत ऐकू येते म्हणून ती प्रत्येक वेळी खोटीच असते असे नाही. क्लेअरच्या काळात सामाईक जमिनींना कुंपणे खरोखरच पडत होती. दुसरे असे की, बालपण उबदार होते असे सांगणारा माणूस बऱ्याचदा खरेच सांगत असतो. त्याची चूक होते ती कारण ठरवताना. ती ऊब गावाची होती असे त्याला वाटते. वस्तुतः कोणीतरी त्याची काळजी वाहत होते, म्हणून ती ऊब होती. मुलाला पाणी मिळते, विहीर लांब आहे हे त्याला जाणवत नाही. सुरक्षितता ही त्याला हवेसारखी निसर्गदत्त वाटते. स्वतः विल्यम्स वेल्सच्या सीमेवरील पँडी ह्या खेड्यात रेल्वेच्या सिग्नलमनच्या घरी वाढला होता. त्याने खेड्याची ओढ नाकारली नाही, तर त्या ओढीमागे कोणाचे श्रम झाकले जातात हे विचारले. आठवणीच्या खऱ्याखोट्याचा प्रश्न अशा रीतीने ऋणाच्या प्रश्नाकडे वळतो.

३

हे ऋण मजकुरात कोठे ओळखावे? मराठी व्याकरणातील एक भेद येथे उपयोगी पडतो. 'मुले ओढ्यावर जात असत', 'आई पाव भाजी' हा रीतिभूतकाळ, तर 'मुलगा ओढ्यावर गेला', 'आईने पाव भाजला' हा साधा भूतकाळ. स्मरणरंजनाचा स्वाभाविक काळ रीतिभूत आहे, मग लेखनाची भाषा कोणतीही असो. त्यात एका दिवसाचे सर्व दिवस होतात, घडणे जाऊन रीत उरते आणि तारीख पुसली जाते. रीतिभूतात कोणी मरत नाही, कारण मरणे ही रोज करण्याची गोष्ट नव्हे. म्हणून बालपणकथेची एक कसोटी अशी सांगता येईल : तिच्यातील रीतिभूत प्रवाहाला साधा भूतकाळ छेद देतो की नाही, आणि देत असल्यास त्या घटनेचा भार लेखक पेलतो की तिलाही रीतीच्या प्रवाहात विरघळवून टाकतो?

फ्लोरा टॉम्प्सनचे (१८७६–१९४७) 'लार्क राइझ' १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील दोन भागांसह ते १९४५ मध्ये 'लार्क राइझ टू कॅन्डलफर्ड' ह्या नावाने एकत्र आले. ऑक्सफर्डशरमधील ज्युनिपर हिल ही वाडी हा त्याचा मूळ आधार. गवंड्याची मुलगी असलेली लेखिका स्वतःला 'लॉरा' म्हणते आणि तृतीय पुरुषात ठेवते. पुस्तकाचा बहुतेक भाग रीतिभूतात आहे : डुक्कर पाळण्याची रीत, शेंगा-बटाट्यांचे वाफे, सुगीची गाणी. परंतु शेतमजुराची आठवड्याची दहा शिलिंग मजुरी ह्याच रीतीत मोजून सांगितली आहे, आणि स्त्रिया खांद्यावर जू घेऊन विहिरीचे पाणी आणत हेही. वृद्धांना निवृत्तिवेतन सुरू झाले (१९०८ चा कायदा, १९०९ पासून अंमल) तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, असे ती नोंदवते. ह्या एका घटनेने आधीच्या साऱ्या समाधानी चित्रावर मागे वळून प्रकाश पडतो. त्या समाधानाच्या तळाशी अनाथगृहवजा 'वर्कहाउस'चे भय वसत होते, हे वाचकाला तेव्हा कळते. भाग संपतो तो पहिल्या महायुद्धावर. त्या चिमुकल्या वस्तीतील अकरा तरुण परतले नाहीत, आणि चर्चमधील पितळी पाटीवर लॉराच्या भावाचेही नाव आहे. ज्या रीतिभूतात मुले नित्य खेळत होती तो येथे एका तारखेपाशी येऊन थांबतो. टॉम्प्सनच्या पुस्तकात माधुर्य आहे, पण त्याचा हिशेबही आहे.

लॉरी लीचे 'सायडर विथ रोझी' (१९५९) हे अधिक अवघड उदाहरण. ग्लॉस्टरशरमधील स्लॅडच्या खोऱ्यातील हे बालपण ब्रिटनमधील शालेय वाचनात दीर्घकाळ राहिले. काळाने काही तपशील विकृत केले असतील, असे लेखक आरंभीच कबूल करतो. त्यात दोन प्रसंग असे आहेत की ज्यांपाशी रंजन अडखळायला हवे. न्यूझीलंडहून पैसा मिळवून परतलेल्या, फुशारकी मारणाऱ्या एका माणसाला गावातील तरुण मारहाण करून बर्फात टाकून देतात. तो मरतो. चौकशी होते आणि सारे गाव मौन पाळते. दुसऱ्या प्रसंगात काही मुलगे एका भोळ्या, धर्मवेड्या मुलीवर बळजबरी करण्याचा बेत आखतात. ती प्रतिकार करते आणि बेत फसतो. पहिला प्रसंग घटना म्हणून सांगितला आहे, पण त्याचा निष्कर्ष गावाच्या एकोप्याकडे झुकतो. दुसरा प्रसंग विनोदाच्या अंगाने जातो, आणि गाव आपला न्याय आपल्यापुरता कसा मिटवून घेई ह्याचा तो एक नमुना होऊन बसतो. म्हणजे घटना येते खरी, परंतु तिला पुन्हा रीतीत सामावून घेतले जाते. लीवरील आक्षेप असत्यकथनाचा असू शकत नाही, कारण त्याने काहीही लपवलेले नाही. मृत माणसाच्या आणि त्या मुलीच्या बाजूने हेच गाव कसे दिसले असते, हा प्रश्न त्याची मधुर शैली उमटूच देत नाही, हा खरा आक्षेप आहे. उलट, नवऱ्याने सोडून दिलेली, त्याच्या पहिल्या संसाराची मुलेही आपल्या मुलांबरोबर वाढवणारी आई लीने ज्या ममतेने उभी केली आहे, तेथे ऋण मान्य झालेले आहे. एकाच पुस्तकात न्याय आणि अन्याय शेजारी नांदू शकतात.

४

गावापेक्षा शहरातील बालपणाच्या आठवणी अधिक सावध असतील अशी अपेक्षा असते. ती नेहमी खरी ठरत नाही. रिचर्ड हॉगर्टच्या 'द यूजेस ऑफ लिटरसी' (१९५७) च्या पूर्वार्धात लीड्समधील हन्स्लेट ह्या कामगारवस्तीचे चित्र आहे. आईवडिलांच्या पश्चात तो तेथे आजीकडे वाढला. चूल, आई, शेजार ह्यांची ती वीण समाजशास्त्राच्या भाषेत सांगितली असली तरी तिचा काळ रीतिभूतच आहे. रॉबर्ट रॉबर्ट्सने 'द क्लासिक स्लम' (१९७१) मध्ये सॅल्फर्डमधील आपल्या बालपणातून ह्या चित्राला जणू उत्तर दिले. त्याच्या आईचे कोपऱ्यावरचे दुकान होते, आणि उधारी कोणाला द्यायची व कोणाला नाही, हा निर्णय तेथे होई. एकजिनसी वाटणाऱ्या गल्लीत प्रतिष्ठेच्या किती पायऱ्या होत्या, हे त्या दुकानाच्या आतून दिसते. स्मरणरंजन ज्याला 'शेजारधर्म' म्हणते त्याची उधारीची वहीही असते, हे रॉबर्ट्सने दाखवले.

कॅरोलिन स्टीडमनने 'लँडस्केप फॉर अ गुड वुमन' (१९८६) मध्ये ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. लँकाशरमधील बर्न्लीच्या विणकर घराण्यातून आलेली तिची आई दक्षिण लंडनमध्ये संसार करते आणि आयुष्यभर चांगल्या कपड्यांची, घराची आस धरून राहते. हॉगर्टच्या चित्रातील तृप्त, ऐसपैस कामगारमातेत ह्या हेव्याला जागा नाही. स्टीडमनचा आग्रह असा की, ज्या स्त्रीला हवे ते मिळाले नाही तिची इच्छा हीसुद्धा इतिहासाची सामग्री आहे. मुलाच्या आठवणीत आई 'असे'. तिला काही 'हवे होते' हे वाक्य तेथे क्वचितच येते.

मीरा स्यालच्या 'अनिता अँड मी' (१९९६) ह्या कादंबरीत मिडलंड्समधील एका खाणवस्तीत वाढणारी पंजाबी कुटुंबातील मुलगी गावावर जीव लावते, आणि ते गाव आपल्याला 'आपले' म्हणत नाही हे हळूहळू ओळखते. मराठी वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) नंतर गावाची आठवण गावकुसाच्या कोणत्या बाजूने सांगितली जात आहे, हे विचारल्यावाचून ग्रामीण स्मरणरंजन वाचणे कठीण झाले. मात्र स्यालच्या नायिकेची ओढ खोटी नाही. ज्याला पुरते सामावून घेतले गेले नाही त्यालाही ओढ असते, आणि तीच बहुधा अधिक डोळस असते.

५

ह्यावरून स्मरणरंजन नैतिकदृष्ट्या नेहमीच संशयास्पद ठरते काय? अविशाय मार्गालिटने 'द एथिक्स ऑफ मेमरी' (२००२) मध्ये आक्षेप नेमका केला आहे : स्मरणरंजन भूतकाळाला निर्मळ निरागसता बहाल करते, आणि तिला धक्का लावणारा मग आपोआप दुष्ट ठरतो. ह्या निरागसतेसाठी काय वगळले जाते त्याचा एक बोलका नमुना राजकारणात सापडतो. १९४१ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने इंग्लंडच्या खुणांची यादी केली. तीत धुक्यातून प्रार्थनेला निघालेल्या वृद्ध कुमारिका होत्या, तशाच लँकाशरमधील गिरणगावांतल्या लाकडी पादत्राणांचा खडखडाट आणि रोजगार कार्यालयासमोरच्या रांगाही होत्या. १९९३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान जॉन मेजर ह्यांनी एका भाषणात ऑर्वेलचा हवाला देत त्या कुमारिका तेवढ्या घेतल्या. रांगा मागे राहिल्या. यादीतील एकही वस्तू खोटी नव्हती. अन्याय निवडीत होता.

परंतु ह्याच्या विरुद्ध टोकाचीही उदाहरणे आहेत. डिसेंबर १९४३ मध्ये डॉर्सेटमधील टाइनम हे गाव लष्करी सरावासाठी रिकामे करण्यात आले. आम्ही परत येऊ, घरांची काळजी घ्या, अशी विनंती चर्चच्या दारावर लावून लोक गेले आणि त्यांना कधीच परत येऊ दिले गेले नाही. वेल्समधील कापेल केलिन हे वेल्शभाषक खेडे लिव्हरपूलच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये बुडवण्यात आले. वेल्समधील बहुसंख्य खासदारांचा विरोध त्या वेळी निष्फळ ठरला. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने २००५ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. त्या खोऱ्यातील शाळेची, प्रार्थनामंदिराची आठवण काढणाऱ्याला 'तुम्ही भूतकाळाला रंग देत आहात' असे ऐकवणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय होईल. 'त्रिवेरिनची आठवण ठेवा' हे वेल्श शब्द एका पडक्या भिंतीवर रंगवले गेले, पुसले गेले, पुन्हा रंगवले गेले. येथे क्रियापद आज्ञार्थी आहे. रीतिभूत सुखावतो; आज्ञार्थ बांधून घेतो. स्मरण येथे रंजन राहत नाही, दावा होते.

तेव्हा स्मरणरंजनाचा निषेध आणि त्याचे समर्थन ही दोन्ही टोके अपुरी आहेत. बालपणाच्या गावावरची माया हा ज्ञानाचा दोष नव्हे. ती मिळालेल्या काळजीची उशिरा पटलेली पोच असू शकते. ती पोच देताना पाणी कोणी वाहिले, उधारी कोणाला नाकारली गेली, बर्फात कोण पडून राहिले आणि पाटीवर कोणाची नावे आहेत, हे सांगितले जाते की नाही, ह्यावर तिची नैतिक प्रत ठरते. रंग चढवणे हा स्मृतीचा स्वभावच आहे, आणि स्वभावासाठी कोणाला दोषी धरता येत नाही. मात्र त्या रंगाखाली कोणाची तारीख पुसली गेली, ह्याचे उत्तर देण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे, आणि ते उत्तर मागण्याची जबाबदारी समीक्षेची आहे.