कळवलंत कुणाला?

रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावात दोन भावांची वाटणी झाली आणि हापूसची ६० कलमं धाकट्याच्या वाट्याला आली. धाकटा नोकरीनिमित्त ठाण्यात. त्यानं नोटरीसमोर थोरल्या अण्णांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं. कलमांची निगा राखावी, फळ करारानं द्यावं, पैसे घेऊन पावती द्यावी. धाकट्याच्या वतीनं अण्णांची सही चालू लागली.

काही हंगाम सुरळीत गेले. मग एका गणपतीत शेजाऱ्यानं विचारलं, "तुझ्या कलमांचे पैसे तुला पुरते मिळतात ना रे?" दोन वर्षं अण्णांनी हिशेब पाठवला नव्हता, हे खरंच होतं. समोर बसून विचारलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. पण वाईटपणा कुणी घ्यायचा? धाकटा न बोलता ठाण्याला परतला. दिवाळीनंतर त्यानं स्टँपपेपरवर कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याचा लेख करून घेतला आणि कपाटात ठेवून दिला. मूळ पत्र अण्णांच्या ट्रंकेतच राहिलं.

मोहोर धरला. अण्णांनी रत्नागिरीच्या एका व्यापाऱ्याला पत्र दाखवून करार केला, इसार घेतला. तिकडे धाकट्यानं त्याच कलमांचा सौदा वाशीच्या व्यापाऱ्याशी केला, इसार घेतला. मार्च उजाडला आणि दोघांचेही गडी झेले घेऊन एकाच बागेत हजर झाले.

धाकटा कपाटातला लेख घेऊन वकीलबाईंकडे धावला. त्यांनी तो नीट वाचला.

"लेख चोख आहे. कळवलंत कुणाला?"

धाकटा गप्प.

"मग ऐका. १८७२ चा करार कायदा, कलम २०८. मुखत्याराला दिलेला अधिकार तुम्ही काढून घेऊ शकता. पण काढल्याचं मुखत्याराला कळेल, तेव्हा त्याच्यापुरता तो संपतो. बाहेरच्या माणसाला कळेल, तेव्हा त्या माणसापुरता. अण्णांना ठाऊक नव्हतं, व्यापाऱ्यालाही नव्हतं. त्यांचा करार तुम्हाला पाळावा लागेल."

"आणि वाशीवाल्याचं काय?"

"त्याचा इसार परत करा. नुकसान झालं असेल तर तेही भरून द्या."

धाकटा गावी आला. अण्णांनी वही पुढ्यात टाकली. खत, फवारणी, राखणदाराची मजुरी, सगळं तारीखवार लिहिलेलं. कुंपणाचा खर्च मात्र त्यांनी धाकट्याच्या पैशातून परस्पर वळता केला होता.

"हे तुला विचारायला हवं होतं," अण्णा म्हणाले. "पण तुला मला काढायचंच होतं, तर तसं सांगायचंस. मी त्या माणसाला शब्द तरी दिला नसता."

धाकट्यानं वाशीच्या व्यापाऱ्याचा इसार परत केला, वर भरपाईही दिली. रत्नागिरीचा करार पाळला. कुलमुखत्यारपत्र मात्र त्यानं पुन्हा चालू केलं नाही. यापुढे बाग आपण बघणार, हे अण्णांना तोंडावर सांगितलं, पत्रही दिलं. मूळ कागद परत घेतला आणि ओळखीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना लेखी कळवलं. अण्णांना वाईट वाटलं, पण पुढच्या हंगामात कोणत्या कलमाला कधी फवारायचं, हे त्यांनीच धाकट्याला बागेत फिरून दाखवलं.

तात्पर्य: दिलेला अधिकार काढून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तशी वेळ येते तेव्हा तो वापरावाही. पण आपल्या भरवशावर दुसरा माणूस व्यवहार करत असतो, शब्द देत असतो. त्याला अंधारात ठेवून केलेलं रद्द हे अर्धंच रद्द. म्हणूनच न कळवण्याचा भुर्दंड कायदा बेसावध राहिलेल्यावर टाकत नाही, न कळवणाऱ्याच्याच पदरात घालतो. नात्यातही हाच न्याय लावावा: तोडायचं असो वा बदलायचं, आधी त्या माणसाला सांगावं.