कोऱ्या वहीची तक्रार

बालवाडीच्या पालकसभेत एक वडील उठून म्हणाले, “दिवाळी झाली तरी वही कोरीच आहे हो. इथं मुलांना नुसतं खेळवतात का?” विचारण्यात भांडण नव्हते, काळजी होती, म्हणूनच ते वाक्य डोक्यातून जाईना. मूल चार वर्षांचे. ते काय शिकले याचा पुरावा आईवडिलांना हवा होता आणि तो वहीखेरीज कुठे शोधायचा, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

लहान वयात लेखन-वाचनाचा भार नको, हे काही नवे नाही. यशपाल समितीने १९९३ सालीच तसे बजावले आणि बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या-मुलाखती घेणे बंद करा, असेही सांगितले. शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाला किंवा पालकांना चाळणी लावणे दंडनीय ठरवले. तरीही सीनियर केजीच्या दप्तरात चाररेघी वही असते आणि संध्याकाळी शिकवणी लागते.

मला इथे एक फरक करावासा वाटतो. खेळ वेगळा आणि खेळाच्या रूपात दिलेला धडा वेगळा. रंगीत पत्त्यांतून ‘क’ शोधून उडी मारायला लावणे हा धडा आहे. तो चांगलाही असू शकतो, पण त्याचा शेवट बाईंनी आधीच ठरवलेला असतो. खेळात मूल स्वतः ठरवते. त्याला नियम बदलता येतो, डाव मोडता येतो, कंटाळा आला की उठून जाता येते. बऱ्याच शाळांच्या माहितीपत्रकात ‘खेळातून शिक्षण’ असे छापलेले असते आणि वेळापत्रकात मात्र खेळाच्या रूपातले धडेच भरलेले असतात. उठून जाण्याची मुभा कुठल्याच तासाला नसते.

चिंचोक्यांचा खेळ आठवून पाहा. चिंचोका फोडला की दोन फाका होतात, एका अंगाने पांढऱ्या, दुसऱ्या अंगाने तपकिरी. पांढरे अंग फरशीवर घासून सपाट करायचे, खडूने घरे आखायची, चार फाका मुठीत खुळखुळवून टाकायच्या. जितक्या पांढऱ्या वर, तितकी घरे पुढे. चारही पालथ्या पडल्या की आठ. आजीशेजारी बसलेले पाच वर्षांचे पोर आधी एकेका फाकेवर बोट ठेवून मोजते. काही दिवसांनी नजर टाकताच ‘तीन’ म्हणते. कोपऱ्यातले घर मोजायचे की नाही यावरून हुज्जत घालते, सोंगटी मारली गेली की रुसते आणि थोड्या वेळाने परत डावाला येते. संख्या नजरेने ओळखणे, आपल्या पाळीची वाट बघणे, हार पचवणे हे सगळे तिथे एकाच बैठकीत होते. एक ते शंभर पाच वेळा लिहून यातले काहीच साधत नाही.

वर्षानुवर्षे पहिलीला शिकवलेल्या एका बाईंशी माझा यावर वाद झाला. त्या म्हणाल्या, “खेळाचं कौतुक ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत त्यांनी करावं. ज्याच्या घरात छापील कागद किराण्याच्या पुडीपुरताच येतो, त्याला अक्षर आम्हीच लवकर दाखवायला हवं. नाहीतर तो मागेच राहतो.”

खेळ ही सुखवस्तू घरांची चैन आहे, हे मला मुळीच मान्य नाही. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर कुणासाठी राबल्या? ज्यांच्या घरात अक्षर पोचलेच नव्हते, त्या वाडी-पाड्यांवरच्या मुलांसाठी. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरली. साधने म्हणजे शिंपले, बिया, पाने, खडे. आज देशभर असलेल्या अंगणवाडीची मुळे तिथे आहेत.

पण बाईंच्या बोलण्याचा दुसरा भाग टोचत राहिला. ग्रामीण भारतातली पाचवीची जवळपास निम्मी मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत नाहीत, असे ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत. सुशिक्षित घरातल्या मुलाला अक्षर आईच्या मांडीवर भेटते. बाकीच्यांसाठी आपण ते बालवाडीच्या दारात अडवले, तर तो त्यांच्यावर अन्याय आहे. तेव्हा बालवाडीत अक्षर असावे, भरपूर असावे. रोज गोष्ट वाचून दाखवावी, डबा ठेवायच्या जागी मुलाचे नाव लिहिलेले असावे, एखादीने ‘माझं नाव काढून द्या’ म्हटले तर ताईने खडूने फरशीवर काढून द्यावे. नको आहे ती सक्ती: सगळ्यांनी एकच पान एकाच वेळी गिरवण्याची, गुणांची, तुलनेची.

मग ही सक्ती येते कुठून? ती पहिलीतून खाली उतरते. जूनमध्ये पहिलीला वाचती-लिहिती मुले हवी असतात, म्हणून बालवाडी घाबरते आणि बालवाडी घाबरली की पालक घाबरतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र. बालवाडीलाही आता शाळेसारखे करायचे, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. मला तो उलटा लावावासा वाटतो. अक्षर शिकायला मुलाजवळ आठव्या वर्षापर्यंतचा अवधी आहे, तर बदलायला हवी ती पहिली. मी बालवाडी वाचवायची म्हणून लिहायला बसलो. लिहिता लिहिता वाटू लागले की ती आहे तिथे वाचवून भागणार नाही, दुसरीपर्यंत वर न्यायला हवी.

त्यासाठी माणसे लागतील. खेळू देणे हे धडा देण्यापेक्षा अवघड काम आहे. आहार, वजन-उंचीच्या नोंदी आणि गृहभेटी यांतून अंगणवाडी सेविकेला उसंत मिळाली, तरच ती मुलाच्या खेळाकडे लक्ष देऊ शकेल.

तोवर पालकांनी एवढे करावे. बालवाडीत मूल घालताना विचारा, दिवसातला किती वेळ मुले स्वतःच्या मनाने खेळतात आणि गोष्ट रोज वाचून दाखवता का. पहिलीच्या प्रवेशाला गेलात की विचारा, अजून वाचता न येणारे मूल तुम्ही आनंदाने घ्याल का. जी शाळा न अडखळता ‘हो’ म्हणेल, तिथेच मूल घाला.