नगरचा किल्ला पाहतांना

शेवगांवाहून नगरास गेलेले आपले पुष्कळ बंधु किल्ला पाहूं इच्छितात. वाचकहो, माहितगार मनुष्यास पैसे देऊन लढाईच्या जागा पाहणें ही निव्वळ करमणूक आहे काय? पैसे घेण्यांत दोष नाहीं, त्यालाही पोट आहे. दोष असलाच तर आपल्या विचारण्यांत असेल.

वाटाड्या सांगेल कीं, ८ ऑगस्ट १८०३ रोजीं जनरल वेलस्लीनें शिंद्यांच्या ताब्यांतील पेठ घेतली आणि १२ तारखेस किल्ला पडला. तटाखालीं मेलेल्या शिपायांचीं नांवें आपण त्यास विचारीत नाहीं. पहिल्या महायुद्धांत नगरास जर्मन मिशनरी अटकेंत होते. ज्या प्रभूचा उपदेश ते करीत, त्याचीच प्रार्थना त्यांवरील पहारेकरीही करीत असतील. पुढें १९४२ पासून १९४५ पर्यंत किल्ल्यांत राष्ट्रीय पुढारी बंदींत होते. नेहरूंनीं १९४४ सालीं ‘भारताचा शोध’ येथेंच लिहिला, हें सर्वांस ठाऊक असतें. पण त्यांच्याच सोबतीचे मौलाना आझाद कैदेंत असतां एप्रिल १९४३ मध्यें त्यांची पत्नी कलकत्त्यास वारली. अखेरची भेट झाली नाहीं.

विजय पाहावयाचा तर तोफा पुरतात. त्या खोल्यांपुढें मात्र मोठ्यानें हसणें मला तरी जमणार नाहीं. वाटाड्यास मी इतकेंच विचारीन कीं, बाबा, येथें कोणाचें काय गेलें?