अनुपलब्धीची योग्यता

यकृताच्या काठिण्याने, म्हणजे वैद्यकात ज्याला सिरॉसिस म्हणतात त्या व्याधीने, वर्षानुवर्षे झिजलेला एखादा रोगी जलोदराने फुगलेले पोट घेऊन रुग्णालयात दाखल होतो. कालपर्यंत घरच्यांशी नीट बोलणारा तो मनुष्य आज किंचित भ्रमिष्टासारखा बोलतो, एवढीच काय ती तक्रार. अंगात ताप नाही, नाडी जलद नाही, रक्तातील श्वेतपेशींची गणती प्रमाणात आहे, आणि जंतुसंसर्गाची सूचना देणारे म्हणून जे दोन-तीन आकडे अहवालात छापलेले असतात, त्यांतही काही वावगे दिसत नाही. तेव्हा घरची मंडळी हायसे वाटून म्हणतात, ‘रिपोर्टमध्ये काही निघाले नाही.’ ‘काही निघाले नाही’ आणि ‘काही नाही’ ही दोन वाक्ये व्यवहारात आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु पहिल्यापासून दुसरे निष्पन्न होते काय, हा प्रश्न प्रयोगशाळेइतकाच प्रमाणशास्त्राचाही आहे, आणि आपल्या दार्शनिकांनी तो शतकानुशतके खल करून चर्चिला आहे.

कुमारिल भट्टाच्या परंपरेतील मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे सहावे स्वतंत्र प्रमाण मानले. मीमांसकांच्याच प्राभाकर शाखेने ते साफ नाकारले, आणि नैयायिकांनी ते प्रत्यक्षाच्या खाती जमा केले. हा वाद कितीही तीव्र असला, तरी एका अटीविषयी भाट्टांत आणि नैयायिकांत फारसा मतभेद नव्हता. जमिनीवर घट दिसत नाही एवढ्यावरून घट नाही असे ठरत नाही; दिवा तेवत असला पाहिजे, पाहणाऱ्याचे डोळे शाबूत असले पाहिजेत, आणि ‘घट असता तर तो दिसलाच असता’ असे छातीठोकपणे म्हणता आले पाहिजे. अंधाऱ्या कोठडीत घट न दिसणे ही घटाविषयीची जबानी नसून अंधाराविषयीची आहे. या अटीला त्यांनी योग्यता असे नाव दिले.

आता आपल्या रोग्याच्या कोठडीत दिवा तेवतो आहे काय, ते पाहू. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक द्रव्य आढळले, जे न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नामक शर्करामय अंशाशी संयोग पावून साका धरीत असे. त्याचेच पुढे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे आजच्या अहवालातील सीआरपी, असे नामकरण झाले. हे द्रव्य मुख्यतः यकृतच निर्माण करते. शरीरात कोठेही जंतूंनी ठाणे मांडले, की रक्तातून इंटरल्यूकिन-6 या रासायनिक दूताकरवी यकृताला हुकूम पोचतो आणि काही तासांतच सीआरपीचा आकडा चढू लागतो. निरोगी यकृताच्या बाबतीत हा दिवा उत्तम तेवतो. पण ज्याचे यकृतच काठिण्याने ग्रासले आहे, त्याच्या ठायी हुकूम पोचला तरी तामिली अर्धवट होते, आणि आकडा जितका चढावा तितका चढत नाही. श्वेतपेशींचीही तीच कथा आहे. प्रतिहारिणी शिरेतील दाब वाढल्यामुळे फुगलेली पाणथरी त्या पेशी अडकवून ठेवते, त्यामुळे रोग्याची नेहमीची गणतीच कमी असते, आणि संसर्गाने ती दुप्पट झाली तरी छापील मर्यादेच्या आतच राहते. नाडी जलद नाही म्हणावे, तर तोच दाब उतरविण्यासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाने ती आधीच लगामात धरलेली असते. आपण चार साक्षीदार बोलावले असे समजतो. वस्तुतः ते चौघेही एकाच मोडक्या घरचे अन्न खाणारे असतात.

नैयायिकांच्या भाषेत हीच गोष्ट अधिक नेमकी मांडता येते. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे सदोष, कारण धूर निघण्यास अग्नीबरोबर ओले इंधनही लागते, आणि ते नसताही अग्नी असू शकतो याचे उदाहरण म्हणून ते लोखंडाच्या तापलेल्या गोळ्याकडे बोट दाखवितात. येथे ओले इंधन म्हणजे कार्यक्षम यकृत. सिरॉसिसचा रोगी हा तो तापलेला गोळा आहे: आत धग असून बाहेर धूर नाही. आणि त्याच्या बाबतीत धुरावरून अग्नीचे अनुमानही निर्वेध राहत नाही, हे दुर्दैव वेगळेच. आतड्यातून झिरपणारे जंतूंचे अंश किंवा मद्यजन्य यकृतदाह यांमुळे प्रत्यक्ष संसर्गावाचूनही हे आकडे वाढलेले आढळतात. 1993 साली फ्रेंच संशोधकांनी पुढे आणलेले प्रोकॅल्सिटोनिन हे द्रव्य संसर्गकाळी शरीराच्या अनेक ऊतींत निर्माण होत असल्याने यकृताचे मिंधे तितकेसे नाही, म्हणून तो साक्षीदार काहीसा अधिक भरवशाचा. तथापि यकृताला तीव्र इजा झाली असता तोही खोटी फिर्याद करतो.

मग काय करावे? अनुमानच व्यभिचारी, तेव्हा ते सोडूनच द्यावे, असे चार्वाक म्हणेल. त्याला नैयायिक उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर असे की, संशयालाही मर्यादा असते. ज्या क्षणी संशय स्वतःच्या आचरणाशी विसंगत होतो, त्या क्षणी तो संपतो. संशयाचे योग्य पर्यवसान हतबलतेत नव्हे, तर अधिक समर्थ प्रमाणाच्या शोधात व्हावे. रोगज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान या तिहींचा मेळ घालावा, असे चरकसंहितेचे विमानस्थान सांगते, ते याच अर्थाने. आजचा सुजाण डॉक्टर रक्ताच्या अहवालावर न विसंबता रोग्याच्या पोटात सुई घालून थोडे पाणी काढतो आणि त्यातील न्यूट्रोफिल पेशी मोजवितो. एका घनमिलिमीटरमागे त्या 250 किंवा अधिक भरल्या, तर कल्चरमध्ये जंतू उगवण्याची वाट न पाहता तो प्रतिजैविक सुरू करतो. कारण संसर्ग असूनही कल्चर पुष्कळदा मूकच राहते, आणि विलंबाची किंमत प्राणाने मोजावी लागते. सर्वच रोग्यांना सरसकट प्रतिजैविक द्यावे, हा आळशी तोडगा. निष्कारण दिलेली प्रत्येक मात्रा जंतूंना त्या औषधाशी झुंजण्याचे शिक्षण देते, आणि त्याचे फळ पुढच्या रोग्याच्या पदरी पडते.

हा विचार रुग्णालयाच्या भिंतींत संपत नाही. ‘माझे मन मला खात नाही’ असे म्हणून आपण केवढ्या तरी कृत्यांवर पांघरूण घालतो. मनुस्मृतीने धर्माच्या मूलांत आत्मतुष्टी गणली आहे खरी, पण जो कुमारिल अभावाला प्रमाण मानणाऱ्यांचा अग्रणी, त्यानेच तंत्रवार्तिकात तिचा अधिकार आखून दिला. मिठाच्या खाणीत पडलेली वस्तू जशी लवणमय होते, तशी वेदसंस्काराने मुरलेल्या मनाची रुची प्रमाण ठरते; वाटेल त्याची नव्हे. वेदप्रामाण्य न मानणाऱ्यालाही यातील न्याय पटावा. बोचणी न लागणे हीदेखील एक अनुपलब्धीच आहे, आणि दीर्घकाळच्या स्वार्थाने कठीण झालेल्या अंतःकरणात ती लागत नाही, तेव्हा कृत्य निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. बोचणी उत्पन्न करणारे इंद्रियच निकामी झाल्याची शंका मात्र घ्यावी लागते. अशा वेळी स्वतःच्या मनाचा कौल घेत बसण्यापेक्षा, ज्याला आपल्या कृत्याची झळ लागली असेल त्याच्या दाराशी जाऊन विचारावे. ते सुई टोचून घेण्याइतकेच क्लेशकारक आहे आणि तितकेच निर्णायक. मौनाची किंमत मौन धरणाऱ्याच्या आरोग्यावरून ठरते.