वहीतला निरोप



जून महिना आला आणि शाळा सुरू झाल्या. आपल्या धर्मग्रामातील काही जण शाळेत शिकवतात, तर अनेकांची मुले शाळेत जातात. या दोघांमध्ये एक छोटीशी गोष्ट ये-जा करीत असते. ती म्हणजे निरोप. पूर्वी तो वहीच्या पानावर लाल शाईने येई, आता मोबाईलवर येतो. ‘गृहपाठ करीत नाही’, ‘वर्गात बोलतो’, ‘उद्या पालकांना घेऊन ये’. या निरोपाविषयी आज थोडा विचार करू या.

निरोप द्यावा की नाही, हा प्रश्नच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. आपल्या सातारा-सांगली भागात तर हे अधिकच गरजेचे आहे. जावळी-पाटणकडचे कितीतरी वडील माथाडी कामासाठी मुंबईत असतात. विटा-आटपाडीकडची माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत. पालकसभेला आजी येते, नाहीतर कोणीच येत नाही. अशा घराला आपले मूल दिवसभर काय करते हे शिक्षकाकडूनच कळणार.

मग प्रश्न कोणता? निरोप कशासाठी द्यायचा, हा.

आमच्यातील एका शिक्षिकेचा अनुभव सांगतो. तिसरीतल्या एका मुलाने चाचणीच्या पेपरवर वडिलांची सही स्वतःच केली. बाईंनी वडिलांना कळवले. लिहिले ते सर्व खरे होते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या पाठीवर वळ होते. त्याआधी तो रोज टेबलापाशी येऊन घरच्या शेळीच्या गोष्टी सांगायचा. त्यानंतर वर्षभर ‘हो बाई’, ‘नाही बाई’ यापलीकडे तो बोलला नाही. त्या म्हणतात, “मी खोटे काही लिहिले नाही, पण सही का केलीस, हे त्याला आधी विचारले नाही.”

त्याच कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली आहे. शाळेतली छडी गेली. पण तीच छडी आपण निरोपातून घरी पाठवली, तर मुलाच्या दृष्टीने काय बदलले? खरे बोलणे हे कर्तव्य आहेच. मात्र आपल्या शब्दामुळे संध्याकाळी त्या घरात काय घडेल, याचा विचार करणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत. खेड्यापाड्यांतल्या अनेक आईबापांना तेव्हा अक्षरओळखही नव्हती. त्यांनी मुले सोपवली ती विश्वासावर. आज आपल्याकडे माहिती भरपूर आहे. विश्वास तेवढा आहे का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आढळतो. आईवडील तीन दिवस त्याला शोधत होते. मरिया आपली काळजी लपवीत नाही, पण ती आधी प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकून घेते. ते तिला पूर्ण उमगत नाही, तरी ती ते मनात जपून ठेवते. मूल कळेपर्यंत धीर धरणे ते हेच.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती : मुलाची गोष्ट आधी मुलाशी बोला. तक्रार सर्वांच्या ग्रुपवर टाकू नका, एकट्या पालकांना भेटून सांगा. एखादी चांगली गोष्टही आवर्जून कळवा, म्हणजे शाळेचा फोन आला की घर घाबरणार नाही. प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंद छापील पुस्तकातून उतरवू नका. आणि मुलाला घरातच धोका आहे असे दिसले, तर घरी निरोप पाठवून थांबू नका. चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे.

पालकांनाही एक सांगणे आहे. निरोप वाचल्यावर हात उचलण्याआधी मुलाला जवळ बसवा. घरात आजारपण असेल, भांडण असेल, वडील दूर गेले असतील, तर तेही बाईंच्या कानावर घाला. निरोप दोन्हीकडून जायला हवा.

त्या मुलाने सही का केली होती, हे बाईंना कधीच कळले नाही. निदान आपल्या घरी आणि आपल्या वर्गात हा प्रश्न आधी विचारला जावा, एवढीच प्रार्थना.