शाळेचं संमतीपत्र आणि अठरावा अध्याय



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५, ३०, ३५ आणि ४८.

एरवी आपण रोज एकच श्लोक घेतो. आज चार घेतोय, कारण प्रश्नच तसा आहे. १ फेब्रुवारी २०२२ पासून पुण्यातल्या शाळा पुन्हा उघडल्या. पहिली ते आठवी अर्धा वेळ, आणि पालकांचं संमतीपत्र असेल तरच. त्या सुमारास आपल्या सत्संगाच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न कुठल्या श्लोकाच्या अर्थाचा नव्हता. "तुम्ही पाठवणार का?" हा होता.

माझी मुलगी पहिलीत आहे. मोठा गट तिने पूर्ण टॅबवर केला. पहिलीचा वर्ग डिसेंबरच्या मध्याला उघडला आणि ओमायक्रॉन आल्यावर तीन आठवडेही न होता बंद झाला. आमच्या घरात माझी आई आहे, वय ६८, मधुमेह आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांसाठीही नसेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. "डॉक्टर सांगतील तसं करू" हे उत्तर अर्धंच आहे. धोका किती, हे डॉक्टर सांगू शकतात. पण कुणाच्या फायद्यासाठी कुणी किती धोका घ्यायचा, हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. तो धर्माचा प्रश्न आहे, आणि तिथे गीता उघडावी लागते.

पंचविसाव्या श्लोकात भगवंत तामस कर्माचं लक्षण सांगतात. पुढचा परिणाम, होणारी हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपली कुवत, या चार गोष्टींचा विचार न करता केवळ मोहाने सुरू केलेलं काम ते तामस. गंमत बघा, आपण ऑफिसात रिलीजच्या आधी जी रिस्कची यादी करतो, ती जवळपास हीच आहे. काय बिघडू शकतं, किती नुकसान, त्रास कुणाला, आणि निस्तरायला आपल्याकडे माणसं आहेत का.

"उघडून टाका शाळा, काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांना हा श्लोक थांबवतो. एका वर्गात साठ मुलं, खिडक्या दोन, त्यातली एक कायमची बंद. पन्नाशी ओलांडलेल्या, दम्याचा त्रास असलेल्या बाई समोर उभ्या. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांची लस ३ जानेवारी २०२२ ला सुरू झाली, त्याखालच्यांना तेव्हा अजून नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी फोन फिरवणारे आपणच होतो. हे सगळं विसरून उघडणं म्हणजे धैर्य नव्हे.

पण हाच श्लोक उलट बाजूलाही लावावा लागतो. रिलीज करण्याची रिस्क आपण लिहितो, न करण्याची रिस्क कुणी लिहीत नाही. शाळा बंद ठेवणं हेही एक कर्मच आहे. त्याचाही परिणाम, हानी, इजा आणि कुवत तपासली पाहिजे.

आता काही आकडे. जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरने देशभर सिरो सर्वेक्षण केलं. सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांमध्ये अँटिबॉडीज सापडल्या. बहुतेक शाळा तेव्हा बंदच होत्या. म्हणजे शाळेला कुलूप होतं तरी विषाणू मुलांपर्यंत पोचलाच होता, आणि सुदैवाने बहुतेक मुलांना गंभीर आजार झाला नाही. त्याच जुलैमध्ये आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव म्हणाले होते की शाळा उघडायच्याच असतील तर प्राथमिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं ठरेल. आपल्याकडे झालं उलट. मोठी मुलं आधी, सगळ्यात लहान सगळ्यात शेवटी.

दुसरा आकडा. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांमधल्या गरीब वस्त्यांतल्या सुमारे १४०० मुलांची पाहणी झाली. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ त्या गटात होते. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं होती फक्त ८ टक्के. अजिबातच न शिकणारी ३७ टक्के.

पहिल्या आकड्याचा ग्राफ तेव्हा आपल्या फोनवर रोज यायचा. रुग्ण किती, बेड किती, पॉझिटिव्हिटी किती. दुसऱ्याचा ग्राफ कुणी रोज पाठवत नव्हतं. वाचता येणं विसरलेलं मूल दवाखान्यात भरती होत नाही, म्हणून ते मोजलं जात नाही. हानी मात्र हानीच असते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा पाचवीत आहे. महापालिकेची शाळा, घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांचा, आणि वडील रंगकामावरून रात्री आठला येतात. शिक्षक बिचारे सकाळी व्हिडिओ पाठवतात. मुलगा सकाळी बापाबरोबर साइटवर जातो, डबे उचलायला. मावशींनी मागच्या आठवड्यात विचारलं, "दादा, पोरगं तिसरीत पुस्तक वाचायचं धडाधडा. आता अडखळतंय. शाळा सुरू झाली की येईल ना परत?" मी म्हटलं, येईल. पण तिसरी, चौथी आणि पाचवी अशा तीन इयत्तांना या बंदीचा फटका बसलाय, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

इथे मला माउली आठवतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवाशाला त्यांनी गीता मराठीत आणली. तोवर ते ज्ञान संस्कृत येणाऱ्यांपुरतं अडकलेलं होतं. माउलींनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. आपण त्यांचे वारकरी म्हणवतो आणि शाळा बंद असताना ज्ञान पुन्हा अडकलं, या वेळी डेटा पॅक असणाऱ्यांपुरतं. हे आपल्याला खुपायला हवं.

आता थोडं अवघड बोलतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मंदिरं उघडावीत म्हणून राज्यभर आंदोलनं झाली. त्याच महिन्यात १७ ऑगस्टपासून शाळा उघडण्याचा जाहीर झालेला निर्णय टास्क फोर्सच्या आक्षेपानंतर थांबवला गेला, आणि त्यावर एवढा मोठा आवाज उठल्याचं दिसलं नाही. त्याआधी २०२० मध्येही क्रम पाहा. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला, मंदिरं पाडव्याला १६ नोव्हेंबरला, आणि नववीच्या पुढचे वर्ग २३ नोव्हेंबरला, तेही पुण्या-मुंबईत नाहीत.

भक्ताला मंदिराची ओढ असणारच, त्यात काही गैर नाही. पण २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून ते स्वीकारलं. भक्ती तुटली का? नाही. घरोघरी हरिपाठ झाला. नामाला इमारत लागत नाही, हे तर संतांनीच शिकवलंय. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला मात्र इमारत लागते, फळा लागतो, समोर बाई लागतात. विठोबा विटेवर उभा आहे, तो थांबतो. सहा वर्षांचं वय थांबत नाही.

मग पाठवायचं का? तिसाव्या श्लोकात सात्त्विक बुद्धीचं वर्णन आहे. काय करावं, काय करू नये, आणि भय कशाचं बाळगावं, कशाचं नाही, हे जिला कळतं ती सात्त्विक बुद्धी. भगवंत भय काढूनच टाक असं म्हणत नाहीत. कुठे घाबरायचं हे ओळख, एवढंच म्हणतात. पस्तिसाव्या श्लोकात मग दुसरी बाजू येते. झोप, भय, शोक, विषाद यांना जी घट्ट धरून बसते, सोडतच नाही, ती तामस धृती. भीती येणं तामस नाही. कारण बदललं, लस आली, माहिती आली, तरी तीच भीती त्याच जागी धरून ठेवणं तामस.

हे लिहिताना मला आपल्यातलाच एक मित्र दिसतो. एप्रिल २०२१ मध्ये त्याचे वडील गेले. तो ग्रुपवर म्हणाला, "मी नाही पाठवणार. मला कुणी श्लोक सांगू नका." त्याला मीही सांगणार नाही. त्याच्या घरात काय घडलंय ते त्याला माहीत. वरचा श्लोक दुसऱ्याच्या भीतीवर शिक्का मारण्यासाठी नाही, स्वतःची भीती तपासण्यासाठी आहे. संमतीपत्र ऐच्छिक होतं ते म्हणूनच, आणि ते तसंच राहायला हवं होतं. ज्याला नाही पाठवायचं त्याच्या मुलाला वर्गात कमी लेखलं जाऊ नये.

मात्र एक फरक लक्षात घ्या. त्याचं 'नको' हे त्याच्या घरापुरतं आहे. आपल्यासारख्या वेगळी खोली, टॅब आणि वाय-फाय असणाऱ्यांचं 'नको' जेव्हा अख्ख्या शहराचं धोरण बनतं, तेव्हा त्याची किंमत मावशींचा मुलगा भरतो. त्याला कुणी विचारलेलंच नसतं. स्वतःच्या घरासाठी सावध असणं हा आपला हक्क आहे. आपल्या सावधपणाचं बिल दुसऱ्याच्या मुलाच्या नावावर फाडणं, ही पंचविसाव्या श्लोकातली हिंसा आहे.

म्हणून माझं मत: शाळा उघडायला हव्यात. पुन्हा लाट आली तर सगळ्यात शेवटी बंद व्हायला हव्यात आणि सगळ्यात आधी उघडायला हव्यात. यात धोका शून्य होत नाही. अठ्ठेचाळिसावा श्लोक तेच सांगतो. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसं प्रत्येक कर्म काही ना काही दोषाने वेढलेलं असतं, म्हणून वाट्याला आलेलं कर्म टाकू नये. उघडण्यात धूर आहे, बंद ठेवण्यातही आहे. बिनधुराचा पर्याय मिळेपर्यंत थांबू म्हटलं तर मूल दहावीला पोचेल. धूर असणारच आहे तर खिडकी उघडणं आपल्या हातात आहे.

आईशी मी बोललो. तिच्याविषयी निर्णय घ्यायचा आणि तिला विचारायचं नाही, हे बरोबर वाटेना. ती म्हणाली, "भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण माझा तिसरा डोस झालाय. मी मास्क लावीन, थोडे दिवस वेगळी जेवीन. तिच्या शाळेला अडकायचं कारण मला करू नका." आम्ही संमतीपत्रावर सही केली आहे. मुलगी शाळेतून आल्यावर आधी हातपाय धुणार, मग आजीकडे जाणार, हे ठरलंय. किती पाळलं जाईल ते बघू, सहा वर्षांची आहे.

या आठवड्याचा संकल्प तीन गोष्टींचा. पाठवणाऱ्यांनी आणि न पाठवणाऱ्यांनीही करावा असा.

एक, मुलाला जरा जरी ताप-खोकला असेल तर शाळेत पाठवायचं नाही, मीटिंग कितीही महत्त्वाची असली तरी. शिक्षकांच्या जिवाची काळजी टाळ्या वाजवून घेतली जात नाही, अशी घेतली जाते.

दोन, मुलांसाठी धोक्याची जागा आपण मोठ्यांनी रिकामी करायची. दोनशे माणसांचं लग्न, हॉटेलातली पार्टी थोडे दिवस सोडायची. शाळा उघडी राहावी म्हणून बाकीची गर्दी कमी करणं हे आपलं तप समजा.

तीन, आपल्या ओळखीतल्या एका मुलाला, ज्याचं वाचन मागे पडलंय, आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास वाचून घ्यायचं. फोनवर नको, समोर बसून, अंगणात किंवा गच्चीवर, मास्क लावून. मावशींच्या मुलाचे माझ्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरलेत.

आजची प्रार्थना एवढीच: पांडुरंगा, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे ओळखायची बुद्धी दे. आमच्या भीतीचं ओझं ज्यांनी मागितलं नव्हतं त्यांच्या खांद्यावर जाऊ देऊ नकोस. आणि सकाळी दप्तर घेऊन निघणाऱ्या प्रत्येक लेकराला आणि फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला, सरांना सुखरूप घरी आण.

उद्या पुन्हा एकच श्लोक, एकोणपन्नासावा. राम कृष्ण हरी!